कौटुंबिक न्यायालयासाठी वकील नेमताना: आधी काय, नंतर काय

घटस्फोट, पोटगी किंवा मुलांच्या ताब्याचं प्रकरण घेऊन वकिलाकडे जाणाऱ्यांचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. कोणीतरी एक नाव सुचवतं, त्याच दिवशी पैसे दिले जातात, वकीलपत्रावर सही होते, आणि आपल्याला नेमकं काय मागायचं आहे हा प्रश्न तिसऱ्या तारखेला पडतो. तोवर अर्ज दाखल झालेला असतो, तोही कधीकधी चुकीच्या गावात. पुढचे टप्पे महाराष्ट्रातल्या न्यायालयांपुरते आहेत. कलमांची उदाहरणं मुख्यतः हिंदू विवाह कायद्याची घेतली आहेत. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी झालेलं लग्न असेल, किंवा मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी विवाह असेल, तर कायदा वेगळा लागतो, पण वकील नेमण्याचा क्रम हाच राहतो.

## १. समन्स आलं असेल तर आधी तारीख बघा

तुम्ही स्वतः अर्ज करणार असाल तर हा टप्पा सोडून पुढे जा. पण बेलिफाने, म्हणजे न्यायालयाच्या कर्मचाऱ्याने, घरी कागद दिले असतील तर वेळ कमी आहे. समन्सवर न्यायालयाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि हजर राहायची तारीख असते. सोबत समोरच्या बाजूच्या अर्जाची प्रत असायला हवी. नसेल तर पहिल्याच तारखेला ती मागायची.

कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावी अशी अपेक्षा असते. न्यायालय मुदत वाढवू शकतं, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेत ही मर्यादा ९० दिवसांपर्यंत नेली आहे. वाढवून मिळेलच असं धरून बसू नका.

सावधान: चांगला वकील सापडेपर्यंत तारखेला न जाणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. प्रकरण एकतर्फी चालू शकतं. वकील ठरला नसला तरी स्वतः जा, पुकारा होईल तेव्हा उभे राहा आणि वकील नेमण्यासाठी वेळ मागा. कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराने स्वतः उभं राहणं अजिबात वावगं नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार तिथे वकील देणं हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्कच नाही. वकिलासाठी न्यायालयाची परवानगी घेतात आणि ती सहसा मिळते. वकील आल्यावरही समुपदेशकाकडे तुम्हालाच जावं लागतं, हेही आत्ताच लक्षात घ्या.

## २. काय हवं आहे ते एका पानावर लिहा

‘मला न्याय हवा’ हे वकिलाला सांगून उपयोग नाही. न्यायालयाकडे ठरावीक गोष्टीच मागता येतात: घटस्फोट, संमतीने किंवा कारण दाखवून, नांदायला येण्याचा आदेश, दरमहा पोटगी, अंतरिम (निकाल लागेपर्यंतची) पोटगी, मुलांचा ताबा किंवा भेटीचे दिवस, राहत्या घरात राहण्याचं संरक्षण, स्त्रीधन परत. यांतल्या तुम्हाला हव्या असलेल्या गोष्टी क्रमाने लिहा आणि प्रत्येकीसमोर लिहा: हिच्याशिवाय चालेल की नाही?

हे पान लिहिताना घरचे चारजण बाजूला बसलेले नसावेत. आईला मुलाचा ताबा महत्त्वाचा वाटतो, भावाला समोरच्याला धडा शिकवायचा असतो, आणि तुम्हाला कदाचित फक्त लवकर मोकळं व्हायचं असतं. वकील भेटीत जो मोठ्याने बोलतो त्याचं ऐकतो, आणि अर्जही तसाच बनतो.

दोन तारखा इथेच तपासून घ्या. लग्नाला एक वर्ष झालं नसेल तर घटस्फोटाचा अर्ज साधारणपणे करता येत नाही. अपवादात्मक हालअपेष्टा दाखवून परवानगी मागावी लागते. आणि संमतीच्या घटस्फोटासाठी, कलम १३ ब खाली, किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दाखल झाल्यावर आणखी सहा महिने थांबायचं असतं. ही मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, पण ती मागावी लागते. ‘पंधरा दिवसांत संमतीचा घटस्फोट करून देतो’ असं कोणी म्हणालं तर हे दोन नियम त्याच्यासमोर ठेवा आणि उत्तर ऐका.

## ३. वकिलाआधी न्यायालय ठरवा

जवळचा वकील म्हणजे तुमच्या घराजवळचा असं लोक समजतात. खरं तर तो न्यायालयाजवळचा हवा, म्हणजे ज्या न्यायालयात प्रकरण चालणार तिथे रोज उभा राहणारा. पुण्यात राहणाऱ्याचं प्रकरण सोलापूरला चालणार असेल तर पुण्याचा वकील दर तारखेला प्रवासखर्च लावेल, किंवा तिथल्या एखाद्या ओळखीच्या वकिलाला उभं करेल. त्या माणसाने तुमची फाइल वाचलेलीही नसेल.

हिंदू विवाह कायद्यात अर्ज कुठे करता येतो याची यादी कलम १९ मध्ये आहे: लग्न जिथे लागलं, समोरची व्यक्ती जिथे राहते, किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले. अर्ज पत्नी करत असेल तर ती सध्या जिथे राहते तिथेही करता येतो. ही सोय २००३ च्या दुरुस्तीने आली. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि तात्पुरतं राहण्याचं ठिकाणही त्याला चालतं. जिथे कौटुंबिक न्यायालय स्थापन झालेलं नाही तिथे घटस्फोटाचं काम दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तराकडे चालतं.

बाई माहेरी परतली असेल आणि तान्हं मूल असेल तर माहेरचं न्यायालय जवळजवळ नेहमीच सोयीचं. तरी तीनचार वर्षांनी आपण कुठे असू याचाही विचार करा. नोकरी बदलली म्हणून प्रकरण मागे मागे येत नाही.

तपासा: शक्य असलेल्या ठिकाणांपैकी एक ठरलं का? ते ठरेपर्यंत वकिलांची नावं गोळा करू नका.

## ४. कागद आणि तारखांची यादी

विवाह नोंदणीचा दाखला किंवा लग्नपत्रिका आणि फोटो. दोघांचे पत्ते आणि ओळखपत्रं. मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या. पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं, बँकेचे खातेउतारे, कर्जाचे हप्ते. आधी पोलिसांत किंवा महिला कक्षात दिलेल्या तक्रारी, दवाखान्याचे कागद, वकिलांच्या नोटिसा.

उत्पन्नाचे कागद लोक ‘नंतर बघू’ म्हणून ठेवतात आणि तिथेच पोटगीचा अर्ज अडतो. रजनीश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात खाती, गुंतवणूक, दरमहा खर्च सगळं येतं. समोरच्याचं उत्पन्न तुम्हाला नेमकं माहीत नसेल तर जे माहीत आहे ते लिहून ठेवा: कंपनी, हुद्दा, गाडी, भाड्याने दिलेला फ्लॅट, गावाकडची जमीन.

मग तारखांचं पान. लग्न, बाळंतपण, घर बदललं, पहिली मारहाण, माहेरी परतणं, मध्यस्थांची बैठक. प्रत्येक घटनेला एक ओळ, आणि पुरावा असेल तर त्याचा कागद क्रमांक. हे पान दोन बाजूंच्या वर जाता कामा नये. वकील पहिल्या भेटीत तेवढंच वाचतो.

मोबाईलवरच्या संदेशांचे स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते देताना मूळ फोन, मूळ संभाषण हाताशी असलेलं बरं. समोरच्याच्या खात्यात पासवर्ड टाकून शिरणं हे वेगळंच संकट. वकिलाला विचारल्याशिवाय ते करू नका.

सावधान: मूळ कागद कोणालाही देऊ नका. वकिलाला झेरॉक्सचा संच द्या. मूळ कागद न्यायालयात दाखवायची वेळ येईल तेव्हा स्वतः घेऊन जा.

## ५. नावं कुठून आणायची

तीन नावं पुरतात. दहा वकिलांना भेटणारा माणूस अकराव्यालाही भेटतो आणि शेवटी थकून भलत्यालाच पैसे देतो.

पहिला मार्ग म्हणजे ज्यांचं प्रकरण त्याच न्यायालयात चालून संपलं आहे अशी माणसं. त्यांना ‘जिंकलात का?’ विचारू नका. विचारा की वकील तारखेला वेळेवर यायचा का, फोन उचलायचा का, ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले का. दुसरा मार्ग, ओळखीचा कोणताही वकील, भले तो जमिनीची किंवा बँकेची कामं करणारा असो. त्याला सरळ विचारा: ‘तुमच्या बहिणीचं प्रकरण असतं तर इथे कोणाकडे दिलं असतं?’

तिसरा मार्ग लोक विसरतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग यांना मोफत वकील मिळू शकतो, आणि महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीकडे करायचा. त्यांची कार्यालयं सहसा न्यायालयाच्या आवारातच असतात. १५१०० या क्रमांकावरही चौकशी होते. ‘फुकटचा वकील काम करत नाही’ हे सरसकट खरं नाही. प्राधिकरणाच्या पॅनलवरचे, म्हणजे यादीतले, काही वकील मन लावून काम करतात, काही ढकलतात, जसं पैसे घेणाऱ्यांतही होतं. नेमून दिलेला वकील येतच नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज देऊन बदलून मागता येतो.

जाहिराती बाजूला ठेवा. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही. त्यामुळे ‘शहरातील क्रमांक एकचे घटस्फोट वकील’ ही पाटी बघून गुणवत्तेबद्दल काहीच कळत नाही. आणि न्यायालयाच्या फाटकाशी ‘आपली साहेबांशी ओळख आहे’ म्हणत हात धरणारा माणूस दिसला तर चालत राहा.

नाव मिळालं की सनद क्रमांक, म्हणजे वकिलाचा नोंदणी क्रमांक, विचारा. महाराष्ट्रातल्या वकिलाचा क्रमांक ‘महा’ने सुरू होतो, नंतर आकडा आणि वर्ष. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने शोध घेता येतो. तिथे सगळं दिसेलच असं नाही, पण हा माणूस या न्यायालयात कामं चालवतो का, याचा अंदाज येतो.

## ६. पहिली भेट

एकट्याने जा, फार तर एक माणूस सोबत. आणि हकीकत सांगायच्या आधी एक प्रश्न विचारा: ‘समोरच्या बाजूने किंवा त्यांच्या घरच्यांनी तुमच्याकडे कधी सल्ला घेतला आहे का?’ तालुक्याच्या गावात हा प्रश्न फार कामाचा आहे, कारण तिथे दोन्ही घरांचा वकील एकच असू शकतो. एकदा अर्धा तास मन मोकळं केल्यावर ‘अहो, ते तर माझ्याकडे येऊन गेले’ असं ऐकायला मिळालं की उशीर झालेला असतो.

मग तारखांचं पान आणि मागण्यांचं पान द्या. वकील वाचत असताना गप्प बसा. चांगल्या वकिलाचे प्रश्न तुमच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टींवर येतात: तुमची नोकरी किती पगाराची, घर तुम्ही सोडलंत की काढलं, तुमच्या फोनमधून काय निघू शकतं. इथे खोटं बोलू नका. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याने गोपनीयता आहे. तुम्ही लपवलेली नोकरी किंवा दुसरं नातं उलटतपासात समोरून पहिल्यांदा ऐकलं, तर तुमच्या वकिलालाही त्या क्षणी काही करता येत नाही.

तुमच्या बाजूने हे विचारा:

- माझ्या मागण्यांपैकी कोणती मिळणं अवघड आहे, आणि का?
- आधी काय दाखल कराल? सगळी प्रकरणं एकदम का, किंवा का नाही?
- तारखेला तुम्ही स्वतः याल की ज्युनिअर येतील? उलटतपास कोण घेणार?
- समुपदेशनात किंवा मध्यस्थीत तडजोडीची बोलणी झाली तर तुमची भूमिका काय?
- तारीख झाली की मला कोण, कसं कळवणार?

ज्युनिअर तारखेला येणं गैर नाही, बऱ्याच तारखा नुसत्या हजेरीच्या असतात. उलटतपास मात्र कोण घेणार हे आत्ताच ठरवून घ्या.

सावधान: ‘केस शंभर टक्के आपली’ असं म्हणणारा, आणि पहिल्या दहा मिनिटांत ‘सासरच्या सगळ्यांना आत टाकू’ किंवा ‘एक पैसा पोटगी लागू देणार नाही’ म्हणणारा, दोघंही टाळा. त्यांचं बोलणं ऐकून त्या रात्री झोप छान लागते. पण नवऱ्याच्या दूरच्या मावशीचंही नाव घातलेली तक्रार पुढे खऱ्या मुद्द्यालाही कमकुवत करते.

संमतीचा घटस्फोट असेल तर दोघांत एकच वकील घेण्याचा मोह होतो, खर्च वाचतो म्हणून. मसुदा एकाने करायला हरकत नाही. पण पोटगीची रक्कम, मुलांच्या भेटी, घराचा हिस्सा या अटी सही करण्याआधी स्वतःच्या वेगळ्या वकिलाला एकदा वाचायला द्या.

## ७. पैशांचं बोलणं

लोक इथे लाजतात. ‘साहेब, तुम्ही बघा काय ते’ म्हणून बाहेर पडतात आणि सहाव्या महिन्यात कुरकुर सुरू होते.

फी तीन तऱ्हांनी ठरते. एकरकमी, दर तारखेला, किंवा टप्प्यांनी. दर तारखेची फी सुरुवातीला स्वस्त वाटते, पण तारीख नुसती पुढे ढकलली तरी द्यावी लागते, आणि कौटुंबिक प्रकरणात अशा तारखा भरपूर असतात. एकरकमी सगळी आधी दिली की तुमच्या हातात काही उरत नाही. मला टप्प्यांची पद्धत सगळ्यात सरळ वाटते: अर्ज दाखल होताना एक भाग, अंतरिम पोटगीच्या अर्जाच्या आदेशानंतर एक, पुरावा सुरू होताना एक, शेवटच्या युक्तिवादानंतर उरलेला.

पोटगीतून किंवा मिळणाऱ्या रकमेतून टक्केवारी मागणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तशी मागणी झाली तर तिथेच नाही म्हणा. अर्जदार महिला असेल आणि खर्चाच्या यादीत कोर्ट फीचा मोठा आकडा दिसला तर तो कशाचा हे विचारा. महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी, हिंसाचार अशा प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे.

फीत काय येत नाही हेही विचारा: उच्च न्यायालयातलं अपील, दंडाधिकाऱ्यांकडचं वेगळं प्रकरण, थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज, टायपिंग आणि नकलांचा खर्च. करारपत्र करायला वकील कुरकुरत असेल तर घरी येऊन असा संदेश पाठवा:

‘नमस्कार सर. आज ठरल्याप्रमाणे घटस्फोट अर्ज आणि अंतरिम पोटगी अर्ज यांची एकूण फी अमुक रुपये, चार टप्प्यांत. पहिला टप्पा अर्ज दाखल झाल्यावर. टायपिंग-झेरॉक्स वेगळं. अपील यात नाही. बरोबर आहे ना?’

‘हो’ एवढं उत्तर पुरे. पैसे शक्यतो बँकेतून द्या. रोख दिले तर पावती घ्या.

## ८. वकीलपत्रावर सही

वकीलपत्र छापील असतं आणि सहीची जागा खाली असते, म्हणून वरचं कोणी वाचत नाही. त्यात बहुधा तडजोड करण्याचा, प्रकरण मागे घेण्याचा आणि रक्कम स्वीकारण्याचाही अधिकार दिलेला असतो. तडजोड आणि रक्कम माझ्या लेखी संमतीशिवाय नाही, असं हाताने लिहून त्याखाली सही करा. चांगला वकील यावर रागावत नाही.

न्यायालयाचं नाव, दोन्ही पक्षकारांची नावं भरलेली आहेत ना बघा. सोबत दोनचार कोरे कागद ‘पुढे पुरसीस (न्यायालयाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) लागली तर’ म्हणून सहीला दिले जातात. कोऱ्या कागदावर सही नाही. तुम्ही परगावी असाल तरी नाही.

## ९. अर्ज दाखल होण्याआधी वाचा

मसुदा घरी न्या, एक रात्र ठेवा. इंग्रजीत असेल आणि अडत असेल तर मराठीत मागा. जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांत मराठीत अर्ज चालतो. खाली प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असते, त्यामुळे आतल्या प्रत्येक विधानाला तुम्ही बांधलेले असता.

मसुदे जुन्या फाइलींवरून बनतात. मग कुठल्यातरी परिच्छेदात मागच्या अशिलाचं आडनाव राहतं, मुलगी असताना ‘मुलगा’ छापलं जातं, किंवा कधीच न मागितलेला हुंडा पाच लाखांचा होतो. नुसती आडनावाची चूक दुरुस्त होते. न घडलेली घटना मात्र उलटतपासात तुमच्याच तोंडी येते.

तपासा: लग्नाची आणि वेगळं झाल्याची तारीख, शेवटचं एकत्र राहिल्याचा पत्ता, कारण न्यायालयाचा अधिकार त्यावरही ठरू शकतो, आधीच्या सगळ्या प्रकरणांचा उल्लेख, आणि शेवटच्या पानावरच्या मागण्या तुम्ही सुरुवातीला लिहिलेल्या मागण्यांच्या पानाशी जुळतात का. जे मागितलेलंच नाही ते आदेशात येईल अशी आशा धरू नका.

## १०. दाखल झाल्यावर, आणि वकील बदलायचा झाला तर

दाखल अर्जाची शिक्क्यासह प्रत आणि प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक त्याच दिवशी घ्या. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो टाकला की पुढची तारीख स्वतः बघता येते. वकिलाने सांगितलेली आणि अ‍ॅपवरची तारीख वेगळी निघाली तर तेव्हाच फोन करा. अर्जदारच तारखांना गैरहजर राहिला तर अर्ज खारीज होऊ शकतो. प्रत्येक आदेशाची नक्कल स्वतःच्या फाइलीला लावा.

वकील सतत गैरहजर असेल, किंवा तुम्हाला न विचारता समोरच्याशी अटी ठरवत असेल, तर बदला. फक्त पुरावा सुरू असताना, रागाच्या भरात नको. क्रम असा: आधी नवा वकील फाइल बघून होकार देतो, मग जुन्याचा हिशोब मिटवून वकीलपत्रावर ना हरकत घ्यायची, मग नवं वकीलपत्र दाखल. ना हरकत मिळत नसेल तर न्यायालयाकडे परवानगीचा अर्ज करता येतो. फी थकली म्हणून वकिलाला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलं आहे. फीचा वाद त्याने वेगळा मांडायचा. आधी फाइल लेखी मागा, पोच घ्या. तरी मिळाली नाही तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. दरम्यान न्यायालयाच्या नक्कल विभागातून दाखल कागदांच्या प्रमाणित नकला काढून नव्या वकिलाचं काम सुरू करा.